पाठमोऱ्या सरांची गिनती

सरांचा चेहरा मला नीट आठवत नाही, हे सांगायला लाज वाटते. चार वर्षं आठवड्यातून दोनदा तरी मी त्यांना भेटत होतो. पण आठवते ती त्यांची पाठ. पांढऱ्या बनियनवर मानेमागे आलेली शिट्टीची काळी दोरी, उन्हानं रापलेली मान, आणि खडू घासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. सर गेले तेव्हा नगर परिषदेच्या सभागृहात शोकसभा ठेवली होती. हार घालायला फोटो हवा म्हणून गावभर फोन केले. मैदानावरचे ढीगभर फोटो निघाले, कुणाच्या मोबाइलमध्ये, कुणाच्या नातवाच्या मोबाइलमध्ये. सगळ्यांत सर पाठमोरे. शेवटी त्यांच्या पेन्शनच्या कागदावरचा टिचभर फोटो मोठा करून लावला. तो पाहून पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "हे कोन हायेत वं?"

सर सेलूकडच्या एका शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले. बायको फार आधी गेलेली, मुलगी लग्न होऊन हैदराबादला. आमच्या गावात नदीकाठच्या मैदानाला लागून दोन खोल्या भाड्यानं घेऊन ते राहायचे आणि रोज सकाळी म्हाताऱ्याकोताऱ्यांना जमवून हातपाय हलवायला लावायचे. मी नगर परिषदेत कारकून. ज्येष्ठ नागरिकांच्या व्यायामासाठी परिषदेनं निधी काढला तेव्हा ती फाइल माझ्या टेबलावर आली, कारण बाकीच्यांनी ती हळूच सरकवत सरकवत माझ्यापर्यंत आणली. निधीतून सतरंज्या मिळणार होत्या, दिवे, पाण्याची टाकी आणि लोखंडी यंत्रांचं ओपन जिम. अट एकच होती. मैदानावर किमान पन्नास माणसं हवीत. आकडा पन्नासच्या खाली गेला की निधी बंद, आणि मैदान बाजाराच्या दिवशी गाड्या उभ्या करायला. ओपन जिम आलं. त्याच्यावर म्हातारे आजतागायत स्वेटर आणि पिशव्या टांगतात.

मी स्वभावानं किरकिऱ्या माणूस. माझ्या टेबलावरून चुकीचा आकडा कधी गेला नाही, याचा मला इतका अभिमान की बायको त्यावरून चिडवते. तेव्हा पहिल्या दिवशी अर्जावर सरांची सही घ्यायला गेलो तो जरा ताठ्यातच. मैदानभर चुन्याची वर्तुळं आखलेली होती. सर रोज फटफटायच्या वेळेला, तळाला भोकं पाडलेल्या डब्यातून चुना सोडत ती नव्यानं आखायचे. एका वर्तुळात एक माणूस. आणि या सगळ्यांना पाठ करून, नदीकडे तोंड करून सर उभे.

"हात वर. सात नंबर, कोपर सरळ. एकोनीस, श्वास कायले कोंडून राह्यले? सोडा."

मागे सात नंबरवाल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी मुकाट्यानं कोपर सरळ केलं. मी समोर कुठे आरसा टांगला आहे का ते पाहिलं. समोर नदी होती.

पुढच्या रांगेत एक वर्तुळ रिकामं होतं. सही घ्यायला तेच जवळ पडत होतं म्हणून मी त्यात पाय ठेवला. चार-पाच जण एकदम ओरडले, "तिथं नोको!" सर वळले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाबू, अकरा नंबरच्या पायावर पाय देऊन राह्यले तुमी. बाजूले व्हा."

मी बाजूला झालो. अकरा नंबर म्हणजे कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी केलेले एक गृहस्थ. ते दिवाळीच्या आसपास वारले होते. हे पोस्टमास्तरांनी मला नंतर सांगितलं, कुणी लेकीकडे राहायला गेल्याचं सांगावं तसं. त्या दिवशी सगळ्या गवतावर दव होतं, माझ्या चपला भिजून चपचप वाजत होत्या. अकरा नंबरच्या वर्तुळातलं गवत मात्र कोरडं आणि दबलेलं होतं. चुन्यानं सुकलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. चुना कडेला होता, मधे नव्हता, हे घरी जाऊन आंघोळ करताना लक्षात आलं.

सरांचा नियम असा की नंबर एकदा दिला की दिला. माणूस वारला तरी तो दुसऱ्याला मिळायचा नाही. नवीन येणाऱ्याला पुढचा नंबर आणि पुढचं वर्तुळ. नावानं ते कुणालाच हाक मारत नसत. वारलेल्यांची वर्तुळंही तितक्याच काळजीनं आखायचे आणि व्यायामातल्या त्यांच्या चुकाही काढायचे. एकदा जागच्या जागी पाय आपटत चालणं सुरू होतं. सर मधेच म्हणाले, "अकरा, आता तरी आळस सोडा." त्यावर सगळं मैदान हसलं. मीही हसलो. हसता हसता माझ्या अंगावर काटा आला, कारण अकरा नंबरच्या शेजारची बाई त्या रिकाम्या वर्तुळाकडे पाहून खरंच लटक्या रागानं मान हलवत होती.

सरांना स्वतःला नंबर नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मी मोजनारा. मोजनाऱ्याले नंबर नसते."

माझे वडील बावीस नंबर आणि आई तेवीस. वडील तलाठी होते. बोलायच्या आधी दोनदा खाकरायची त्यांची सवय. ते कुठल्या खोलीत आहेत हे आम्हाला त्यावरूनच कळायचं. आईची तऱ्हा वेगळी. काही सांगितलं की आधी पदर सावरायचा, मग पुढचं. घरी पोळी उलटायच्या आधीसुद्धा पदर. मैदानावर रोज सरांची हाक यायची, "तेवीस, पदर मंग सावरा. पयले हात वर." तिचं तोंड लाजून लाल व्हायचं, पण सवय काही गेली नाही.

वडील अचानक गेले. आईनं खाट धरली. गुडघे आधीच सुजलेले होते. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "यांना चालवा. नाही चालल्या तर पाय आखडतील, मग उठणं कठीण." मी घरी येऊन विनवण्या केल्या, रागावलो, एकदा तर तिच्यासमोर रडलोही. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बाबांच्या मागोमाग ही पण चालली, असं मला वाटायला लागलं, आणि त्या भीतीनं माझी अन्नावरची वासना उडाली.

वडिलांची तेरवी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. घराकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. चहा नको, बसायला नको. नुसतं ओरडले, "तेवीस!" थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी तेच. शेजारचे लोक कुंपणावरून पाहायला लागले. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "तेवीस, बावीस कवाचे येऊन उभे हायेत. तुमचीच वाट पाहून राह्यले."

माझं डोकं सणकलं. घरात सुतक नुकतं फिटलेलं आणि हा माणूस असलं अभद्र बोलतो! त्यांना दंडाला धरून फाटकाबाहेर काढायचं म्हणून मी पायरी उतरलो, तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. आई भिंतीला धरून दारात उभी होती. पायात चपला होत्या.

"सरक बाबू," ती मला म्हणाली. "तुह्या बाबाले थंडीत उभं ठेवू का मी?"

त्या दिवशी ती अर्धा तास चालत मैदानापर्यंत गेली. पुढे रोज जायला लागली. महिन्याभरात काठी सुटली, दोन महिन्यांत ती देवळापर्यंत एकटी जाऊन यायला लागली. सरांचं ते बोलणं खुळं होतं की आणखी काही, याचा मी विचार करायचं सोडून दिलं. मला एवढं कळलं होतं की मैदान बंद पडलं तर आई परत खाटेवर जाणार, आणि या वेळी उठणार नाही.

आणि नेमकं त्याच हिवाळ्यात निधी पुढे चालू ठेवण्याच्या मंजुरीसाठी मोजणीचा अहवाल मागवला गेला. मोजायला मीच.

पौषाचे दिवस. नदीवरून धुकं असं चढलं होतं की मला माझ्याच हातातली वही दिसायला त्रास होत होता. पहिल्या रांगेतल्या तीन-चार जणांच्या शाली तेवढ्या दिसत होत्या, त्यामागे सगळं पांढरं. सरांची पाठही अर्धीमुर्धीच दिसत होती.

"माणसं कशी मोजू, सर?" मी विचारलं.

"आयकून," ते म्हणाले, आणि शिट्टी फुंकली. "गिनती!"

शाळेत पीटीला असते तशी गिनती. प्रत्येकानं आपापला नंबर ओरडायचा. एक. दोन. तीन. धुक्यातून आवाज यायला लागले, काही खणखणीत, काही कापरे, आणि मी वहीत रेघा मारत गेलो. सहा, सात, आठ. अकरा आल्यावर माझ्या लक्षातही आलं नाही. मी मोजण्यात गुंगलो होतो. एकवीस झालं. मग कुणीतरी दोनदा खाकरलं आणि म्हणालं, "बावीस."

माझं पेन थांबलं. थोड्या वेळानं, म्हणजे पदर सावरायला लागतो तेवढ्या वेळानं, आईचा आवाज आला, "तेवीस." गिनती पुढे गेली. एकही नंबर न गळता ती त्रेपन्नपर्यंत गेली.

ऊन आल्यावर मी रांगांतून फिरून डोकी मोजली. एक्केचाळीस. पुन्हा मोजली. एक्केचाळीस.

घरी परतताना मी आईला विचारलं, बावीस तू बोललीस का म्हणून. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांच्या संसारात बाबांचा आवाज तिला काढता येत असेल, प्रेमापोटी काढला असेल. आई रस्त्यात थांबली. "मी कायले बोलू? माहा नंबर तेवीस. बावीसले माह्यं तोंडबी उघडलं नाई. तुहे बाबा बोलले ना." दूधवाला येऊन गेला म्हणून सांगावं इतक्या सहज ती हे म्हणाली, आणि पुढे चालायला लागली. मी एकवीस नंबरवाल्यांना विचारलं. पोस्टमास्तरांना विचारलं. अकरा नंबरच्या शेजारणीला विचारलं. सगळ्यांनी गळ्याची शपथ घेतली की आम्ही आपापलाच नंबर बोललो. त्यांतलं कुणी खोटं बोलत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

संध्याकाळी मी सरांच्या खोलीवर गेलो. ते दाराकडे पाठ करून, खिडकीशी बूट पांढरे करत बसले होते. मी सरळच विचारलं, "सर, तुम्ही कधी वळून का पाहत नाही?"

त्यांनी खडू घासणं थांबवलं नाही. "शाळेत मी तीस वर्सं पोट्ट्याईकडे तोंड करून मोजलं," ते म्हणाले. "तोंड केलं का कोन नाई तेच दिसते. एखादा पोट्टा गेला, शेतात साप चावला, हिरीत पडला, का त्याची जागा तेवढी दिसे. बाकीचे दिसेच ना. पाठ केली का कोन हाये ते आयकू येते."

"मग मी अहवालात काय लिहू?"

"जे आयकलं ते लिहा."

मी त्रेपन्न लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या टेबलावरून असा आकडा गेला. आईसाठी लिहिला, हे खरं आहे. पण मी तो ऐकलाही होता, हेही तितकंच खरं आहे. सही करताना कुठली बाजू जड होती ते मला सांगता येणार नाही.

सर मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात गेले. सकाळी वर्तुळं आखलेली नव्हती, म्हणून लोक खोलीवर गेले. खाटेवर होते, कुशीवर, दाराकडे पाठ. मैदान आता एक निवृत्त नर्सबाई चालवतात. त्या सगळ्यांकडे तोंड करून उभ्या राहतात, पण गिनतीच्या वेळी मात्र पाठ फिरवतात. शेवटचा नंबर झाला की सगळेच जरा थांबतात. कुणी तसं ठरवलेलं नाही. सरांनी नंबर घेतला नाही, त्यामुळे ते आलेत की नाहीत हे कळायला वाटच नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. पण मला सांगायची आहे ती त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट.

त्या हिवाळ्यात आई गेली. चालती फिरती गेली, हे सरांचे उपकार. आदल्या संध्याकाळी देवळात जाऊन आली होती. रात्री छातीत दुखायला लागलं, सेवाग्रामला नेलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. शुद्धीत होती. माझा हात धरून म्हणाली, "बाबू, माह्यापायी मैदान बंद पडू नोको देजो. त्या बाया कुठं जातीन?"

मैदान तेव्हा खरंच बंद पडायच्या बेतात आलं होतं. नवीन मुख्याधिकारी मॅडम आल्या होत्या, तरुण, कोल्हापूरकडच्या, कामाला कडक. फाइल चाळून म्हणाल्या होत्या, "कागदावर पन्नास माणसं कुठेही असतात. मी स्वतः येऊन पाहीन." गिनती तोवर छप्पन्नपर्यंत गेली होती. जिवंत माणसं होती अडतीस. मॅडमनी रांगांतून एक चक्कर मारली असती तर निधी गेला असता, मैदान गेलं असतं आणि माझी नोकरीही. आईची तेरवी झाली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला मॅडमची गाडी मैदानाशी आली. मी डोक्याला मफलर गुंडाळून त्यांच्या शेजारी उभा राहिलो. आई गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं नसावं, मीही बोललो नाही.

धुकं मागच्या वर्षासारखंच होतं. मॅडमनी घड्याळ पाहिलं. "आठ वाजता माझी व्हिडिओ कॉन्फरन्स आहे. हे धुकं निघेपर्यंत थांबता येणार नाही. तुम्ही कसे मोजता?"

"गिनतीनं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

"घ्या मग." त्यांनी वही उघडली. एक ते छप्पन्न आकडे त्यांनी आधीच लिहून आणले होते. मी मनात म्हटलं, ही बाई माझ्यासारखीच आहे. आता काही खरं नाही.

सरांची पाठ धुक्यात उभी होती. शिट्टी वाजली. एक. दोन. तीन. मॅडमचं पेन चालायला लागलं. अकरा आला, त्यांनी खूण केली. पंधरा आला. मला गिनतीची भीती वाटत नव्हती. मला एकाच नंबरची भीती वाटत होती. तो आला नाही तर मॅडम विचारतील, रांगेत शिरतील, हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मैदानाचं आणि नोकरीचं काही वाटत नव्हतं. तो नंबर आला नाही तर माझी आई कुठेच नाही, एवढंच डोक्यात होतं.

एकवीस. खाकरण्याचा आवाज, दोनदा. "बावीस."

आणि मग काहीच नाही.

पदर सावरायला लागतो तेवढा वेळ गेला. त्याहून जास्त गेला. चोवीस नंबरवाल्या बाई पुढे बोलल्या नाहीत. सर हलले नाहीत. त्यांनी हाकही मारली नाही. नदीकडून पाण्याचा आवाज येत होता, तोही मला थांबल्यासारखा वाटला. मॅडमनी मान वर केली. मी दात घट्ट आवळून उभा होतो, इतके घट्ट की कानशिलं दुखायला लागली.

"तेवीस."

आईचा आवाज. जरा घोगरा, नेहमीचा, लाजलेला. फार जवळून आला.

"चोवीस," पलीकडून बाई म्हणाल्या, आणि गिनती पुढे सुरू झाली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी मफलरनं तोंड पुसलं. छप्पन्न झाल्यावर मॅडमनी वही मिटवली, पण लगेच निघाल्या नाहीत. माझ्याकडे जरा नवलानं पाहत होत्या.

"तुम्हीही येता का इथे व्यायामाला?"

"नाही मॅडम. का?"

"मधे तेवीस तुम्ही बोललात ना? म्हणून विचारलं."

मी शपथेवर सांगतो, माझं तोंड उघडलं नव्हतं. दात आवळल्यानं दाढ दुखत होती, ती दुपारपर्यंत दुखत राहिली.

"माझा नंबर नाही तो," मी म्हणालो. "आईचा आहे."

"मग आई आज आलेल्या नाहीत?"

धुक्यातून सरांचा आवाज आला. ते अजूनही नदीकडेच तोंड करून उभे होते.

"हात वर. तेवीस, पदर मंग सावरा. पयले हात वर."

"आलीये, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी वही पुन्हा उघडली, तेवीसपुढची खूण तपासून पाहिली आणि खाली सही केली.